पट झाला, पण लिहिलं कोणी?

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. ज्यांना सकाळी सकाळी भांडण नको असेल त्यांनी चहा घेऊन मग वाचावा.

आधी एक प्रश्न. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे २०२२ मध्ये, आपल्या विदर्भात सर्वांत जास्त शंकरपट जिंकलेली जोडी कोणती? मालक कोण? धुरकरी कोण? कोणत्या गावच्या दाणीवर किती सेकंदांत धावली?

हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारत आलोय. पटाचे शौकीन, पंच, माईकवर पुकारणारे, बैलांचे व्यापारी, कोणालाच सोडलं नाही. उत्तरं अशी मिळाली. "लय जोड्या होत्या भाऊ त्या साली." "ते पांढऱ्या बैलायची नोयती का, काय तं नाव होतं तिचं..." एकाने तर छातीठोकपणे बकासुर सांगितलं. अहो, बकासुर मुळशीकडचा, पश्चिम महाराष्ट्रातल्या मैदानांचा! त्याचं नाव आमच्या मेहकर तालुक्यातल्या पोराला ठाऊक आहे आणि शेजारच्या गावात गेल्या महिन्यात पहिली आलेली जोडी कोणाची ते त्याला आठवत नाही.

आता दुसरा प्रश्न. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ साली इंग्लंडमध्ये स्पीडवे नावाच्या मोटरसायकल शर्यतींची लीग पुन्हा सुरू झाली. ती कोणी जिंकली? उत्तर आहे वेम्बली. उत्तरेकडे सहा संघांची दुसरी लीग होती, ती मिडल्सब्रोने जिंकली. त्या वर्षीचा वैयक्तिक विजेता टॉमी प्राइस. ऐंशी वर्षांपूर्वीची, सात समुद्रांपलीकडची गोष्ट मला हिवरा आश्रमात बसून दोन मिनिटांत कळते. चार-पाच वर्षांपूर्वीची, वीस कोसांवरची गोष्ट कळत नाही. माझं भांडण एवढंच आहे.

हे स्पीडवेचं खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगतो. माझा भाचा मँचेस्टरला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या बेल व्ह्यूच्या मैदानावर तो ही शर्यत बघायला गेला आणि मला फोनवर म्हणाला, "मामा, अगदी आपला पट आहे हो! फक्त बैलांच्या जागी मोटरसायकली." मी म्हटलं काहीतरीच. पण मग त्याने तिथे विकत मिळणारं छापील कार्यक्रमपत्रक पाठवलं. तेव्हापासून माझी झोप गेली आहे म्हणा ना.

खेळ सोपा आहे. मातीचा लंबगोल ट्रॅक. चार रायडर, चार फेऱ्या. मोटरसायकल पाचशे सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच! वळणावर मागचं चाक घसरवत, माती उडवत गाडी फिरवायची, आणि वळायचं फक्त डावीकडे. एक मिनिटाच्या आसपास खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. अशा पंधराच्या आसपास शर्यती एका संध्याकाळी होतात आणि दोन संघांच्या गुणांची बेरीज होते.

त्या पत्रकात प्रत्येक शर्यतीपुढे मोकळ्या चौकटी छापलेल्या असतात. कोण कितवा आला, किती गुण, वेळ किती. त्या चौकटी प्रेक्षक भरतात! आजोबा, नातू, कामावरून थेट आलेला माणूस, सगळे पेन काढून बसलेले. भाच्याच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला स्वतःचं जास्तीचं पेन दिलं आणि कुठे काय लिहायचं ते शिकवलं. हिशेब लिहिणं हा त्यांच्या बघण्याचाच भाग आहे. १९४६ चा निकाल आज मला सापडतो याचं कारण हे असे लोक. वर्तमानपत्रं, मंडळं नंतर.

तो १९४६ चा हंगाम मला फार जवळचा वाटतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लीग अर्ध्यावर बंद पडली. मँचेस्टरच्या बेल व्ह्यूने तेवढ्या युद्धातही आपल्यापुरत्या शर्यती चालू ठेवल्या, बाकी सगळीकडे शुकशुकाट. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडात रेशन चालू होतं, पेट्रोल मोजून मिळत होतं, शहरं बॉम्बने फुटलेली होती. अशा वेळी त्यांनी मोठ्या लीगसाठी सहा संघ उभे केले: वेम्बली, विम्बल्डन, वेस्ट हॅम, न्यू क्रॉस, बेल व्ह्यू आणि ब्रॅडफर्ड. रायडर कमी होते, जुने काही परतले नव्हते, काही वयाने थकले होते. मग सगळे रायडर एका यादीत घेतले, त्यांची प्रत लावली आणि संघांमध्ये वाटून दिले. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याने चांगले रायडर उचलून न्यायचे, हे निदान पहिल्या हंगामापुरतं त्यांनी थांबवलं. बेल व्ह्यूचा बिल किचन असा वेम्बलीच्या वाट्याला गेला. आणि लोक आले! वेम्बलीच्या मैदानावर मोटरसायकली बघायला साठ-सत्तर हजार माणूस जमायचं.

आता आपल्याकडे या.

पुण्याकडच्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही म्हणता "बैलगाडा" आणि डोळ्यांपुढे आणता घाट. तुमच्याकडे जुन्नर-आंबेगाव-खेडला घाटात बैल जुंपतात आणि पुढे घोडी पळते. सातारा-सांगलीकडे गट, सेमी, फायनल असं असतं. आमच्याकडे विदर्भात शंकरपट. दोन बैलांची जोडी, हलका छकडा, त्यावर एक धुरकरी आणि सरळ आखलेली धावपट्टी, तिला दाण म्हणायचं. जोडी सुटली की श्वास आत घ्यावा आणि सोडावा तोवर पलीकडे. झाडीपट्टीत, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, दिवसा पट आणि रात्री त्याच गावात नाटक. पट पाहायला आलेला पाहुणा नाटक बघूनच घरी जातो. तिकडची नाटकाची परंपरा पटाच्या आणि मंडईच्या गर्दीवर पोसली गेली आहे.

या पटांचं महायुद्ध म्हणजे बंदी. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाला खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या ओळीत बैल. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जल्लिकट्टू, शर्यती, पट सगळं बंद. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, त्यालाही उच्च न्यायालयात अडथळा आला. मग २०२१ चा तो डिसेंबर. आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केलं. गावोगावी गुलाल उडाला. फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर बैल अंगठ्याएवढा आणि नेते पुरुषभर उंचीचे.

या सगळ्या लढाईतला एक मुद्दा मला आजही खुपतो. २०१४ च्या निकालात असं म्हटलं होतं की बैल हा घोड्यासारखा पळण्यासाठी घडलेला प्राणी नाही, त्याच्या शरीराची ठेवण त्यासाठी नाही. शेतकऱ्यांना हसू आलं, रागही आला. आपण सगळे म्हणालो, या लोकांनी कधी बैल पाहिलाय का? पण न्यायालयात हसून भागत नाही. पुढे राज्य सरकारला तज्ज्ञांची समिती नेमून बैलाच्या पळण्याच्या क्षमतेचा अहवाल करून घ्यावा लागला. विचार करा. जो खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या खेळतो, ज्यात जोडीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत माईकवर पुकारली जाते, त्या खेळातला बैल पळतो हे सिद्ध करायला समिती! पन्नास गावांच्या पन्नास वर्षांच्या वेळा ओळीने लिहिलेल्या असत्या, कोणता बैल किती वयाला किती धावला, कधी जखमी झाला, किती वर्षांनी पटातून काढला, हे वहीत असतं, तर वकिलाने ती गठडी टेबलावर ठेवली असती. शिवाय त्याच वह्यांमधून कोण बैलाला छळतो तेही दिसलं असतं. कदाचित म्हणूनच कोणाला वही नको असते. असो.

वेळ मोजली जात नाही असं नाही, बरं का. तिथेच तर राग येतो. पूर्वी दोन्ही टोकांना घड्याळवाले बसायचे, आता कित्येक ठिकाणी सेन्सर आलेत. आकडा निघतो, माईकवर पुकारला जातो, लोक "वाऽऽ" करतात, पंचाच्या कागदावर संध्याकाळपर्यंत राहतो. बक्षिसं वाटली की कागद मांडवाच्या दोऱ्यांबरोबर गोळा होतो.

आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ होते, नाव लिहीत नाही. तरुणपणी नावाजलेले धुरकरी. बंदीच्या काळात ते ओट्यावर बसून आम्हाला पट सांगायचे. कोणत्या गावची दाण चढाची, कुठे उन्हं डोळ्यांवर येतात म्हणून दुपारनंतर जोडी सोडायची नाही, कोणता बैल उजवीकडे ओढतो, कासरा कधी ढिला सोडायचा. छकड्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला होता, तेव्हापासून काठी. जिंकलेल्या पटांचा आकडा दर वेळी वेगळा सांगायचे. कधी बावीस, कधी तीसच्या वर. आम्ही पोरं मागे हसायचो. पट पुन्हा सुरू व्हायच्या आधीच ते गेले. घरात बक्षिसाचा एक पितळी गुंड होता. त्यावर गावाचं नाव आणि साल कोरलेलं, धुरकऱ्याचं नाव नाही. तो गुंड पुढे भांडेवाल्याकडे वजनावर गेला. बावीस की तीस, हे आता सांगणारं कोणी नाही. मँचेस्टरच्या त्या पत्रकात प्रत्येक रायडरचं नाव छापलेलं असतं, अगदी चारही शर्यतींत भोपळा घेणाऱ्याचंसुद्धा.

धुरकऱ्याचं नाव आपल्याकडे बक्षिसाच्या पावतीवरही येत नाही. मालकाचं येतं, देणगीदाराचं येतं, आमदारांचं तर येतंच येतं. जीव धोक्यात घालतो तो माणूस मजुरीवर आलेला असतो. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा जुना पट आहे, तिथे बायाही जोड्या हाकतात, महिलांचा वेगळा पट होतो. दर वर्षी वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो येतो, नऊवारी, हातात कासरा, छान दिसतो. पण त्यांतल्या कोणी किती वर्षं जोडी हाकली, कोणाची वेळ किती, कोण पाच-सात वर्षं सलग येते आहे? फोटोखाली "महिलांनीही गाजवला पट" एवढंच.

आता विरोधकांचा समाचार. माझं हे म्हणणं मी चारचौघांत मांडलं की ठरलेले आक्षेप येतात.

एक म्हणजे, "बैलाले का सर्टिफिकेट पायजे हाय? कायले लिहा लागते?" बैलाला नको आहे, मान्य. पण बैल विकताना हाच माणूस "पाच पट मारले हायत" म्हणून किंमत लाखाने वाढवतो. तेव्हा त्याला आकडा हवा असतो, फक्त तपासता येणारा नको असतो.

दुसरा आक्षेप जरा बरा आहे. "प्रत्येक गावची दाण वेगळी, लांबी वेगळी, माती वेगळी. एका गावचे सेकंद दुसऱ्या गावच्या सेकंदांशी कसे जुळवणार?" बरोबर! नाहीच जुळवायचे. स्पीडवेचे ट्रॅकही एका मापाचे नव्हते, कुठे लांब, कुठे आखूड, कुठे वळण अरुंद. त्यांनी तोड साधी काढली. वेळेचा विक्रम ज्या त्या ट्रॅकपुरता, आणि हंगामाचा हिशेब कितव्या नंबरावर आला त्याच्या गुणांवर. आपणही दाणीची वेळ त्या दाणीखाली लिहावी आणि जिल्ह्याच्या हंगामासाठी पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक द्यावा. यात रॉकेट उडवायचं नाहीये.

तिसरे म्हणतात, "आता यूट्यूबवर सगळं लाइव्ह असतं, लिहायचं काय काम?" दादा, यूट्यूबवर सात-सात तासांचे व्हिडिओ आहेत. त्यात धूळ आहे, डीजे आहे, निवेदकाची शेरोशायरी आहे. अमुक जोडीची वेळ शोधायला बसलात तर पुढचा पट येईल. आणि चॅनेलवाल्याने उद्या चॅनेल बंद केलं की तेही गेलं. शिवाय सरकारी नियमातच शर्यतीचं चित्रीकरण करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचं बंधन आहे. म्हणजे कचेऱ्यांमध्ये चित्रीकरणं जमा होतायत. कोणाला तरी त्यातून एक पानभर तक्ता करायला सांगितला तर काय बिघडेल?

चौथे शहरातले. त्यांचं म्हणणं, हे क्रूर आहे, बंदच करा, नोंदी कसल्या ठेवता. त्यांच्याशी मी अर्धा सहमत आहे, हे वाचून आमचे काही पाहुणे रागावतील. तुतारीची आर टोचणं, शेपूट पिरगळणं, चावणं, बैलाला काहीबाही पाजणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते पाहून मान खाली घातलेले शेतकरीही पाहिलेत. २०१७ चा कायदा हे करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड सांगतो. धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी. हे सगळं आहे. पण पाळलं की नाही हे बैलागणिक लिहिल्याशिवाय कळणार कसं? गुरांच्या कानाला आता बारा आकड्यांचा बिल्ला असतो. तो नंबर वहीत उतरवला तर सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात पळवलेला बैल लगेच उघडा पडेल. ज्यांना बैलाची खरीच कळकळ आहे त्या शहरी मंडळींनी बंदीचे अर्ज करण्याऐवजी एखाद्या पटाला येऊन वही भरायला बसावं. मी जेवायला घालीन.

आणि पाचवा आक्षेप, "नोंदी झाल्या की जुगार वाढेल." जुगार आज नाही असं म्हणणाऱ्याने माझ्याबरोबर एकदा दाणीच्या मागच्या बाजूला यावं.

पण खरा राग मला बक्षिसांचा आहे. पूर्वी पितळी भांडी, फेटा, शेला, फार तर रोख काही हजार. आता? सांगली जिल्ह्यात २०२३ मध्ये पहिल्या बक्षिसाला थार गाडी लागली, २०२५ मध्ये फॉर्च्युनर. तिकडचं पाहून इकडेही चढाओढ. मोटरसायकली तर आता तिसऱ्या-चौथ्या नंबराला देतात. लोक म्हणतात, शेतकऱ्याच्या पोराला फॉर्च्युनर मिळाली, तुझ्या पोटात का दुखतं? सांगतो का दुखतं. बक्षीस गाडीचं झालं की बैल लाखांचा होतो, लाखांचा बैल ज्याच्या दावणीला बांधता येतो तोच दाणीवर येतो. औताला चालणारी, घरच्या गाईच्या पोटची जोडी घेऊन पटाला येणारा माणूस आता कुंपणाबाहेर उभा राहून व्हिडिओ काढतो. काही ठिकाणी "गावगाडा" म्हणून स्थानिक जोड्यांचा वेगळा गट ठेवतात, त्या आयोजकांना माझा दंडवत. बाकी ठिकाणी शेतकऱ्याचा खेळ म्हणून कोर्टात भांडलो आणि जिंकल्यावर तो सावकाराच्या हातात दिला, असं चाललंय. इंग्रजांनी पडत्या काळात रायडर वाटून घेतले, आणि आपण भरभराटीत बैलांचा लिलाव मांडला.

दरम्यान देशातल्या पशुगणनेकडे बघा. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत गोवंशातले नर सुमारे तीस टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर आला, चारा महागला, बैलजोडी पोसणं परवडेना. पोळ्याला मातीचे बैल पुजणारी घरं आमच्याकडे वाढत चालली आहेत. पट हे बैल सांभाळायचं एक कारण होतं, वर्ध्याकडचा गवळाऊ तर चपळाईसाठीच ओळखला जातो. ते कारण सामान्य शेतकऱ्याकडून काढून घेतलं तर उरलं काय?

युद्धानंतरच्या त्या इंग्रजी हंगामाची पुढची गोष्ट सांगायची राहिली. १९४६ नंतर दोन-तीन वर्षं नुसती भरती. गावोगावी ट्रॅक निघाले, १९४७ मध्ये तिसरा विभाग सुरू करावा लागला. १९४९ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तीही टॉमी प्राइसनेच जिंकली. सगळ्यांना वाटलं आता काय, कायमची दिवाळी. मग करमणूक कराचा बोजा, घरोघरी आलेला टेलिव्हिजन आणि भरमसाट ट्रॅक. त्यात वेम्बली दर वर्षी जिंकणार: १९४६, १९४७, मध्ये एक वर्ष न्यू क्रॉस, मग १९४९ पासून १९५३ पर्यंत सलग वेम्बली. बाकीच्या गावांना बघायला उरलं काय? एकामागून एक ट्रॅक बंद पडत गेले. १९५७ चा हंगाम सुरू व्हायच्या आत खुद्द वेम्बलीने संघ मोडला आणि सगळ्या देशात एकच लीग शिल्लक राहिली. साठ-सत्तर हजारांची गर्दी ते हे, अवघ्या अकरा वर्षांत.

पुढे तो खेळ पुन्हा उभा राहिला तो ज्यांनी पत्रकं जपली होती त्यांच्याच जिवावर, असं मला वाटतं. भाचा म्हणतो, "मामा, तू फार भावुक होतोस." असेन.

आपली सध्याची गर्दी पाहून आयोजक मंडळी जी हवेत आहेत त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे. बंदी उठल्यानंतरचे हे पहिले काही हंगाम आहेत. सात वर्षं उपाशी राहिलेला माणूस पंगतीला बसल्यावर पहिल्या वाढपाला ज्या वेगाने खातो तो वेग शेवटपर्यंत राहत नाही.

पंगतीवरून आठवलं. "खेड्यातल्या लोकांना हे हिशेबाचं जमणार नाही" असं मला एका सुशिक्षित पाहुण्यांनी ऐकवलं होतं. त्यांना मी पौषात इकडे बोलावलं. आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात महाप्रसाद असतो. लाखावर माणूस शेतात ओळीने जमिनीवर बसतं, आणि पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाढत नेतात. किती क्विंटल पीठ, किती वांगी, कोणत्या गावचे स्वयंसेवक कोणत्या ओळीला, कोणता ट्रॅक्टर कुठून निघणार, सगळं ठरलेलं. चेंगराचेंगरी नाही, आरडाओरड नाही. शुकदास महाराजांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्या पश्चातही चालू आहे. ज्या मातीतली माणसं लाखाची पंगत अशी वाढतात त्यांना पन्नास-साठ जोड्यांचा तक्ता लिहिता येणार नाही? पाहुणे भाजी खाऊन गेले, मुद्द्यावर काही बोलले नाहीत.

तर या हंगामापासून मी स्वतः सुरुवात केली आहे. दोनशे पानी शाळेची वही, उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले: गाव, तारीख, दाणीची लांबी, जोडीतल्या दोन्ही बैलांची नावं आणि बिल्ल्याचे नंबर, दात (आदत, दोन दाती, चार दाती), मालक, धुरकरी, वेळ, नंबर, गुण. शेवटचा रकाना शेऱ्याचा, त्यात आर वापरली का, बैल लंगडला का, छकडा उलटला का. आतापर्यंत तीन पट झाले. पहिल्या ठिकाणी पंचांनी विचारलं, "तुमी पोलिसातले का?" दुसऱ्या ठिकाणी एका मालकाने बिल्ल्याचा नंबर दाखवायला साफ नकार दिला आणि माझ्या वहीकडे बघत बैलाच्या कानावर हात ठेवून उभा राहिला. तिसऱ्या ठिकाणी मात्र एक धुरकरी संध्याकाळी शोधत आला. म्हणाला, "माह्यं नाव लिवलं म्हनता, दाखवा बरं." दाखवलं. त्याने बोट ठेवून वाचलं, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला लावला आणि आपल्या दोन्ही पोरांना बोलावून आणलं.

अडचण एकच आहे. जोडी सुटताना बैलांकडे बघावं की घड्याळाकडे, हे एकट्याला झेपत नाही. एक जण दाणीच्या सुरुवातीला आणि एक शेवटी, असे दोघं हवेत. चिखली, लोणार, मेहकर, रिसोड या पट्ट्यात कोणी वाचत असेल आणि पुढच्या रविवारी मोकळं असेल तर कळवा. पेन मी देईन. डोक्याला टोपी आणि प्यायचं पाणी आपलं आपण आणावं, दाणीजवळ सावली नसते.